काचेच्या मण्याची साक्ष

भारताच्या प्राचीनतेविषयीचे आपले वाद बहुधा ग्रंथांच्या आधारे चालतात. शतपथ ब्राह्मणात अश्वमेधाच्या घोड्याच्या आयाळीत ‘काच’ ओवल्याचा उल्लेख येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही काचमण्यांचा निर्देश आहे. एक पक्ष यावरून भारतीय काचविद्येचे प्राचीनत्व सिद्ध झाले असे मानतो. दुसरा पक्ष त्या शब्दाचा अर्थच वेगळा लावतो. दोन्ही पक्षांत विद्वान आहेत. म्हणूनच हा वाद शब्दांवर मिटत नाही. प्रत्यक्ष काच हाती घेऊन ती कशाची बनली आहे, हे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि काच उत्तर देते. वाळू, क्षार आणि प्रखर उष्णता यांतून काच घडते. वाळू कुठली, क्षार कुठला, यावर तिची घटना ठरते. रोमन साम्राज्यातील कारागीर इजिप्तच्या वादी नत्रून येथील खनिज क्षार आणि चुनखडीचा अंश असलेली किनाऱ्याची वाळू वापरीत. पुढे पश्चिम आशियातील इस्लामी राज्यांत वनस्पतींच्या राखेचा क्षार रूढ झाला; त्यामुळे त्या काचेत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण वाढलेले दिसते. भारतीय कारागिराची सामग्री निराळी होती. जमिनीवर फुटून येणारा पांढरा क्षार, ज्याला उत्तरेत ‘रेह’ म्हणतात, आणि ग्रॅनाइटसारख्या खडकांची झीज होऊन बनलेली वाळू, ही ती सामग्री. या वाळूमुळे भारतीय काचेत ॲल्युमिना पाच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक आढळतो. रोमन काचेत तो सामान्यतः दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतो. आज लेसर किरणाने मण्यावरचा डोळ्यांना दिसणारही नाही एवढा कण उडवून त्यातील पन्नासएक मूलद्रव्यांचे प्रमाण मोजता येते. मणी जसाच्या तसा राहतो आणि आपले गाव-गोत्र सांगून मोकळा होतो.

अलिबाग तालुक्यातील चौल हे या संदर्भात महाराष्ट्राने लक्षात ठेवावे असे नाव आहे. ग्रीक-रोमन लेखकांचे ‘सेमुल्ल’, अरबांचे ‘सैमूर’ ते हेच. इ. स. ९१६ च्या सुमारास अल मसूदी येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. डेक्कन महाविद्यालयातील रसायनतज्ज्ञ डॉ. विश्वास गोगटे यांनी चौलचे संशोधन केले. तेथील मण्यांचे आणि पूर्व आफ्रिकेतील मण्यांचे पृथक्करण एकत्र ताडून २००८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उच्च ॲल्युमिना आणि विशेष म्हणजे युरेनियमचे वाढलेले प्रमाण, अशी एकच ओळख दोन्ही किनाऱ्यांवरच्या मण्यांच्या एका मोठ्या गटात निघाली. हिंदी महासागरापलीकडील लोकांच्या गळ्यात शतकानुशतके भारतीय काच शोभत होती, हे आता केवळ प्रवासवर्णनांवर अवलंबून राहिलेले नाही.

एवढ्या कसोटीची गरज का पडावी, हे समजून घ्यायचे तर पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूकडे पाहावे. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले. तळाशी ठिपक्यांची चक्राकार नक्षी असलेली गुळगुळीत भांडी पाहून त्यांनी ती भूमध्य समुद्राकडून आलेली ठरविली. व्हीलर मोठे उत्खननकर्ते होते. आपल्या अनेक पुरातत्त्वज्ञांना शिस्त त्यांनीच लावली, हे मान्य केले पाहिजे. परंतु सुबक ते बाहेरचे आणि ओबडधोबड ते येथले, हे त्या काळच्या साम्राज्याचे गृहीतच होते. पुढे विमला बेगले यांनी या मताला आव्हान दिले आणि १९९७ साली गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने मातीतील खनिजे तपासून या भांड्यांचा उगम बंगालमधील चंद्रकेतुगढ-ताम्रलिप्ती परिसरात दाखविला. उगमाच्या नेमक्या जागेविषयी मतभेद असू शकतील. भांडी भारतीय आहेत, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. पाठ्यपुस्तकांत मात्र जुने मत किती वर्षे रेंगाळले!

हीच कसोटी उलट बाजूनेही लागू पडते, आणि तेव्हा आपण मुकाट्याने मान डोलावली पाहिजे. पारशी बांधव जेथे उतरले त्या संजाणमध्ये २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले. तेथे निळ्या-हिरव्या झिलईची पश्चिम आशियाई भांडी निघाली आणि आतून डांबराचा लेप दिलेले, टोकदार बुडाचे उंच रांजणही. अशा रांजणांतील डांबराच्या रासायनिक तपासणीने बोट दाखविले ते इराणकडे. हे ऐकून आपल्या अभिमानाला बाधा का यावी? ज्याच्या बंदरात जगाचा माल उतरतो, तो दरिद्री नसतो. त्याचप्रमाणे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांना बहामनी काळाच्या थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. राज्य कुणाचे होते, यावरून त्या परक्या ठरत नाहीत. त्या भरणारे हात याच मातीतले होते.

दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास लिहिला. मुंबई विद्यापीठाने तो १९६९ साली प्रकाशित केला. एका मराठी संशोधकाने तुटपुंज्या साधनांनिशी केलेले ते काम आजही अभ्यासकांना चाळावे लागते. पण आपल्या घरांतून त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? ‘विमाने आमच्याकडेच होती’ असे संदेश मोबाइलवरून क्षणात शेकडो लोकांकडे जातात. चौलच्या मण्याची सिद्ध झालेली कथा मात्र शाळेच्या एखाद्या भित्तिपत्रकावरही दिसत नाही. पुराव्याशिवायची बढाई विरोधकांच्या हाती कोलीत देते. आणखी एक बोचणारी गोष्ट अशी की, चौलच्या मण्यांचे ते सूक्ष्म पृथक्करण शिकागोच्या फील्ड संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत झाले. त्या संशोधकांचे आपण ऋणी आहोत. तथापि असे यंत्र, ते चालविणारे तंत्रज्ञ आणि तुलनेसाठी देशभरातील वाळू, क्षार व माती यांचा नमुनासंग्रह पश्चिम भारतातील पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना सहज उपलब्ध व्हावा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे किती वेळा गेली?

दरम्यान जमीन थांबत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर विहिरी, पाये, रस्ते खणले जात आहेत. खापरी आणि मणी मातीबरोबर भरावात जातात. एकदा थर विस्कटला की मणी कोणत्या शतकाचा, हे लेसरही सांगू शकत नाही; कारण घटना काचेत असते, काळ मात्र थरात. म्हणून अशा वस्तू उचलून दिवाणखान्यात मांडण्यात पुरुषार्थ नाही. त्या सापडल्या तर जागा न हलवता छायाचित्र घ्यावे, खोली आणि ठिकाण टिपून ठेवावे, आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाला कळवावे. किनाऱ्यावरील शाखांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावातील जुन्या टेकाडांची आणि विहिरींची यादी केली, तर चौल परिसरापासूनच आरंभ करता येईल.