गांवचें मैदान म्हणजे पडीक रान नव्हे

शेतकऱ्यांच्या मासिकांत चेंडूच्या खेळाची चर्चा कशाला, अशी शंका कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळाविषयीं आज लिहावयाचें आहे, तो खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनींच जतन केलेला आहे. त्याचें मैदान शेतजमिनींतूनच काढलेलें असतें. आणि तें मैदान राखण्याची जी पद्धत आयर्लंडांतील खेडुतांनीं बसविली आहे, तींत सामाईक जमीन कशी टिकवावी या प्रश्नाचें एक चांगलें उत्तर सांपडतें. म्हणून हा विषय येथें अस्थानीं होणार नाहीं असें वाटतें.

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ होय. प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. चेंडू पायानें मारतां येतो, तसाच हातानेंही खेळवितां येतो. आडव्या दांडीखालून तो जाळ्यांत गेला तर तीन गुण, वरून उंच खांबांमधून गेला तर एक. आणि २०२५ पासून दूरच्या कमानीबाहेरून मारलेला चेंडू वरून गेल्यास दोन. मैदानाची लांबी १३० ते १४५ मीटर व रुंदी ८० ते ९० मीटर असावी लागते. म्हणजे नुसत्या खेळाच्या जागेसच सुमारें अडीच ते सव्वातीन एकर जमीन जाते. सरावाची जागा, वाट व खोल्या धरल्यास ती आणखी वाढते. ज्या देशांत बहुतेक शेतजमीन गवताखालीं आहे आणि दूध व गुरें यांवर शेतकऱ्याचा संसार चालतो, तेथें इतकें सपाट रान खेळासाठीं सोडणें हा लहान त्याग नव्हे.

हा त्याग लोकांनीं कां केला हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. १ नोव्हेंबर १८८४ रोजीं टिपरारी परगण्यांतील थर्लिस गांवीं मायकेल क्यूसॅक या शिक्षकाच्या पुढाकारानें गेलिक ॲथलेटिक संघाची स्थापना झाली. पहिला अध्यक्ष मॉरिस डॅव्हिन हा स्वतः शेतकरी होता. आश्रयदाते म्हणून आर्चबिशप क्रोक, पार्नेल व मायकेल डॅव्हिट या तिघांचीं नांवें घेण्यांत आलीं. पैकीं डॅव्हिट हा १८७९ सालीं निघालेल्या लँड लीगचा, म्हणजे खंडकरी कुळांच्या चळवळीचा, प्रवर्तक होता. ज्या लोकांनीं जमीनदारापुढें ताठ उभें राहण्याचें ठरविलें, त्यांनींच आपले खेळही आपले आपण चालविण्याचें ठरविलें, हा निवळ योगायोग नव्हे. पुढें १९०३ च्या कायद्यानें कुळांना लांब मुदतीच्या कर्जानें आपापलीं शेतें विकत घेतां येऊं लागलीं व जमीनदारी मोडत गेली. शेत ज्याचें त्याचें झालें. पण खेळावयास मात्र कोणा तरी शेजाऱ्याचें कुरण उसनें मागावें लागे. मालकाची मर्जी फिरली कीं खेळ बंद. ही परवशता घालविण्यासाठीं गांवोगांवच्या क्लबांनीं वर्गणी काढून जमिनी घेतल्या. मोठ्या इस्टेटींची वांटणी करतांना सरकारी लँड कमिशननेंही कित्येक ठिकाणीं क्रीडांगणासाठीं तुकडा राखून दिला.

आमच्या मतें या संस्थेचें खरें शहाणपण येथून पुढें आहे. क्लबची जमीन चालू कमिटीच्या हातीं मोकळी राहत नाहीं. ती विश्वस्तांच्या नांवें ठेवण्याचा नियम आहे, आणि संस्थेच्या वरिष्ठ मंडळांच्या परवानगीवांचून स्थानिक पुढाऱ्यांना ती विकतां येत नाहीं कीं गहाण टाकतां येत नाहीं. एखाद्या वर्षीं चिटणीस उधळ्या निघाला, अगर दोन तटांत भांडण जुंपलें, तरी जमीन जागच्या जागीं राहते. माणसें चुकतील हें आधींच धरून केलेली ही व्यवस्था आहे, आणि म्हणूनच ती टिकली आहे.

दुसरी गोष्ट श्रमाची. आयर्लंडांत कापणीच्या वेळीं शेजाऱ्यांनीं एकत्र येऊन एकमेकांचें काम उरकण्याची जुनी चाल आहे. तिला तेथें ‘मेहल’ म्हणतात. आपल्याकडील इर्जिकेचीच ती बहीण. यंत्रें आलीं, शेतांतील मेहल विरळ झाली. परंतु मैदानावर ती अजून जिवंत आहे. पावसाच्या त्या देशांत मैदानाचा निचरा हीच मुख्य अडचण. चर खणणें, वाळू पसरणें, गवत कापणें, रेघा आंखणें, फाटकावर उभें राहणें हीं कामें बव्हंशीं बिनपगारी होतात. आठवड्याच्या सोडतीची तिकिटें घरोघर विकून पैसा उभा केला जातो; सरकारी अनुदान मिळतें, पण तें भरीला. खेळाडूंस पगार नाहीं. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांपुढें अंतिम सामना खेळणारा गडीही सोमवारीं आपल्या कामावर परततो. आणि ही रीत दुबळ्यांची आहे असेंही नाहीं. गॉलवे परगण्यांतील कोरोफिन या खेड्याच्या क्लबनें २०१८, २०१९ व २०२० अशीं सलग तीन वर्षें सर्व आयर्लंडचें क्लब-अजिंक्यपद मिळविलें. असें पूर्वीं कोणासही साधलें नव्हतें.

मैदानाविषयींची निष्ठा किती चिवट असते याचें उदाहरण म्हणून दक्षिण आर्मामधील क्रॉसमॅग्लेनकडे पाहावें. १९७० नंतरच्या दशकांत तेथील क्लबच्या जागेचा कांहीं भाग शेजारच्या ब्रिटिश लष्करी तळानें व्यापला. खेळ चालू असतां डोक्यावरून हेलिकॉप्टरें जात. तरीही लोकांनीं मैदान सोडलें नाहीं. तळ तेथें असतांनाच, १९९७ सालीं, या क्लबनें पहिल्यानें सर्व आयर्लंडचें अजिंक्यपद जिंकलें. २००७ सालीं लष्कर निघून गेलें. क्लब मात्र आहे तेथेंच आहे.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मैदान राखल्यानें गांव राखला जातो, असें सरसकट म्हणणें ही आत्मवंचना होईल. लीट्रिम परगण्याची लोकसंख्या १८४१ सालीं दीड लाखावर होती. २०२२ च्या गणतींत ती सुमारें पस्तीस हजार भरली. २०२३ सालीं याच लीट्रिमच्या संघाचा न्यूयॉर्कच्या संघानें, म्हणजे तेथें गेलेल्या आयरिश लोकांच्या व त्यांच्या वंशजांच्या संघानें, आपल्याच मैदानावर पराभव केला. परगण्याचें मनुष्यबळ कोठें गेलें हें यावरून दिसतें. पश्चिमेकडील कित्येक खेड्यांत मुलांचा एक पुरा संघ उभा राहत नाहीं व दोन-तीन क्लब मिळून तो करावा लागतो. पोटाला काम नसेल तर केवळ चेंडूसाठीं कोणी घरीं राहत नाहीं.

मग ओस पडणारीं मैदानें विकून कां टाकूं नयेत? आमचें उत्तर असें कीं, संघ एकत्र करावे, लाज धरूं नये. पण मैदान विकूं नये. संघ पुन्हां वेगळा करतां येतो. विकलेली जमीन पुन्हां सामाईक होत नाहीं. शिवाय मैदानाचा उपयोग पंधरा गड्यांपुरता नसतो. कडेच्या वाटेवर सायंकाळीं वृद्ध माणसें फिरतात. २०२० सालच्या साथींत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांस वाणसामान व औषधें पोंचविणारीं माणसें या क्लबांतूनच निघालीं. अशी माणसें संकटाच्या दिवशीं भरती करून मिळत नाहींत. तीं आधीं एकत्र खेळलेलीं, राबलेलीं असावीं लागतात. मात्र ‘सामाईक’ या शब्दांत सर्व आले पाहिजेत. स्त्रियांची गेलिक फुटबॉल संस्था १९७४ सालीं वेगळी निघाली, आणि मैदान पुरुषांच्या क्लबचें म्हणून सरावाच्या वेळेसाठीं मुलींना मागें थांबावें लागतें अशी तक्रार फार दिवस होत आली. या संस्था एक करण्याचें काम सध्यां चालू आहे. तें लवकर पुरें व्हावें. कारण ज्या मैदानावर निम्म्या गांवाला पाहुण्यासारखें यावें लागतें, तें गांवाचें मैदान नव्हे.

आपल्याकडे तालमी आहेत, कबड्डीचीं पटांगणें आहेत, जत्रेचे कुस्तीचे फड आहेत. परंतु ती जागा सातबाराच्या उताऱ्यावर कोणाच्या नांवें आहे, हें विचारल्यास किती गांवांत ठाम उत्तर मिळेल? आयर्लंडच्या खेडुतांनीं आधीं कागद पक्का केला, मग कुदळ उचलली, आणि खेळ त्यानंतर बहरला. आमच्या वाचकांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा. बांधाच्या वीतभर जमिनीसाठीं आपण पिढ्यान् पिढ्या कोर्टांत जातों. गांवच्या तीन एकरांसाठीं एकदां तलाठ्याच्या चावडीवर जाण्यास हरकत नसावी.