ड्वार्फांचा शमन आला कुठून?



मुले संगणकासमोर तासन्‌तास बसतात, आणि खेळता खेळता ‘शमन’ हा शब्द घरात येतो. शमन म्हणजे भगत, शमन म्हणजे देवऋषी, असे कुणीतरी सांगते आणि आईच्या पोटात गोळा येतो. ज्या घरातून आजोबांनी गंडे-ताईत, नवस-सायास कायमचे बाहेर काढले, त्या घरात संगणकाच्या पडद्यातून भगत परत शिरला की काय? प्रश्न रास्त आहे. परंतु रागावण्याआधी माहिती करून घ्यावी, या मताचे आम्ही आहोत.

प्रथम शब्दाचे बघू. ‘शमन’ हा शब्द सैबेरियातल्या एव्हेंकी लोकांच्या भाषेतला. सतराव्या शतकात तो रशियनांच्या मार्फत युरोपात पोचला. आजारी माणसासाठी ढोल वाजवून अदृश्य शक्तींशी बोलणारा, तो शमन. काही विद्वानांनी या शब्दाचे मूळ आपल्या ‘श्रमण’ शब्दात शोधले. भिक्खूंबरोबर तो शब्द मध्य आशिया आणि चीनमार्गे उत्तरेला गेला असावा, असा त्यांचा तर्क. ऐकायला गोड वाटते, पण बऱ्याच भाषातज्ज्ञांना हे पटलेले नाही. गोड वाटते म्हणून खरे मानायचे, ही सवय आपली नव्हे. तेव्हा तो विषय तिथेच सोडू.

आता खेळ. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने २००४ साली आणला. अझेरॉथ नावाची कल्पित दुनिया, तिच्यात दोन पक्ष, अलायन्स आणि होर्ड. अलायन्सच्या बाजूला माणसांबरोबर ड्वार्फ नावाची जमात आहे. (मराठीत ‘बुटके’ म्हणता येईल, पण कमी उंचीच्या खऱ्या माणसांना तो शब्द टोचतो, म्हणून आम्ही खेळातलाच शब्द ठेवतो.) आखूड बांध्याचे, दाढीवाले, खाणीत राबणारे आणि घण मारणारे हे लोक. या खेळात शमन पृथ्वी, अग्नी, जल आणि वायू या चार तत्त्वांना हाक मारतो. हुकूम देत नाही, विनंती करतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

२००४ साली ड्वार्फाला शमन होण्याची सोयच नव्हती. शमन फक्त होर्डमध्ये, आणि पॅलाडिन नावाचा धर्मयोद्धा फक्त अलायन्समध्ये. का? तर दोन्ही पक्ष वेगळे दिसावेत म्हणून. २००७ साली ड्रेनाय ही नवी जमात आली आणि तिच्यामुळे अलायन्सला पहिला शमन मिळाला. ड्वार्फाला ती मुभा मिळायला नोव्हेंबर २०१० उजाडले.

आता गंमत बघा. नियम बदलला, तेव्हा त्याला शोभेल असे मूळही दाखवावे लागले. एकाएकी ड्वार्फ शमन झाले कसे, असे खेळणारा विचारणारच. त्याचे उत्तर जुन्या कथेतच सापडले.

ती कथा अशी. टायटन नावाच्या महाकाय शक्तींनी दगडातून अर्थन नावाचे लोक घडवले. पुढे त्यांना एक शाप लागला, दगडाचे मांस झाले आणि त्यांच्या वंशात ड्वार्फ निपजले. स्वतःचे मूळ ते विसरून गेले होते. जमिनीखालची जुनी अवशेषनगरे खणून त्यांनी ते शोधून काढले. पुढे डोंगरातल्या आयर्नफोर्ज नगरात त्यांची तीन कुळे नांदत होती, ब्राँझबिअर्ड, वाइल्डहॅमर आणि डार्क आयर्न. राजा वारला आणि गादीसाठी तिघांत युद्ध पेटले. ब्राँझबिअर्ड जिंकले, नगर त्यांचे झाले. बाकी दोघे बाहेर.

बाहेर गेलेल्यांच्या वाटा मात्र निरनिराळ्या झाल्या. डार्क आयर्न कुळाच्या थॉरिसन या जादूगार राजाने सूडासाठी रॅग्नारोस या अग्निराजाला हाक मारली. त्या स्फोटात थॉरिसन स्वतः भस्म झाला, त्याचे नगर गेले आणि उरलेली प्रजा रॅग्नारोसची गुलाम झाली. विस्तवाला चाकर करू पाहणाऱ्याचे कुळच विस्तवाचे चाकर झाले! वाइल्डहॅमरांनी ग्रिम बॅटोल वसवले होते. त्याच युद्धात थॉरिसनच्या बायकोने, मोडगडने, मरता मरता ते शापले. तेव्हा ते आणखी दूर, एअरी पीकच्या उघड्या कड्यांवर गेले. डोक्यावर दगडाचे छत नाही, वारा आणि पाऊस अंगावर. गरुडाचे तोंड आणि सिंहाचे धड असलेल्या ग्रिफनांशी त्यांनी दोस्ती केली. ड्वार्फांच्या शमन परंपरेचे घर म्हणून खेळ दाखवतो ते हेच कुळ. आम्हांला हे मनापासून पटते. ज्यांना नगरात जागा उरली नाही, त्यांनाच आभाळाशी बोलायला शिकावे लागले.

२०१० च्या कथेत अझेरॉथची धरणी दुभंगते. तिचे दुखणे कळावे म्हणून आयर्नफोर्जचा राजा मॅग्नी एका जुन्या लेखावरून विधी करतो आणि स्वतःच हिरा होऊन बसतो. पोथी होती, पण विधी काय करील हे ठाऊक नव्हते. मग गादीवर एकटा राजा न बसवता तिन्ही कुळांची परिषद बसते. ब्राँझबिअर्डांचा मुराडिन, वाइल्डहॅमरांचा फॉल्स्टॅड आणि डार्क आयर्न घरात सून म्हणून गेलेली मॅग्नीची मुलगी मोइरा. घालवून दिलेली दोन्ही कुळे त्याच डोंगरात परत येतात, आणि नगराला आता शमन हवा असतो.

हा भगत नव्हे. तो कुणाच्या अंगात येत नाही, कोंबडे मागत नाही, आजारी लेकराला दवाखान्यापासून रोखत नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे, हा कुणी लिहिला ते मुलाला ठाऊक असते. ड्वार्फ शमन होऊ शकत नाही, हा नियम कचेरीत बसलेल्या माणसांनी केला होता. होऊ शकतो, हाही माणसांनीच केला. कोणत्या मुलानेही तो सृष्टीचा कायदा मानला नाही. नियम चुकतोय असे वाटले, तर खेळणारे भांडले. नियम करणारे लपून बसतात आणि नियम मात्र अनादि म्हणून सांगितला जातो, तिथली गोष्ट निराळी.

वेळेचे म्हणाल, तर ती तक्रार खरी आहे. हा खेळ संपत नाही, त्याला महिन्याची वर्गणी लागते आणि परीक्षा कुणासाठी थांबत नाही. तिथे आईने कडक व्हावे. पण ‘शमन’ शब्दाला घाबरू नये. उलट विचारावे, तुझा ड्वार्फ कोणत्या कुळाचा? २०१८ पासून डार्क आयर्न कुळाचा ड्वार्फही घेता येतो आणि तोही शमन होतो, म्हणजे ज्या कुळाला अग्नीने गुलाम केले, त्याच कुळाचे पोर आता अग्नीला विनंती करते.