बंदुकीचं तोंड कुणीकडं?

शांतता राखायला आलोय म्हणत परका शिपाई दारात उभा राहिला, की मी आधी त्याच्या बंदुकीचं तोंड कुणीकडं आहे ते बघतो. आणि तो गेल्यावर ती बंदूक कुणाच्या हातात राहिली, तेही बघतो.

हैती घ्या. १८०४ साली काळ्या गुलामांनी नेपोलियनची फौज लोळवून उभा केलेला देश. गोऱ्या सत्तांना हे कधी पचलंच नाही. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेच्या मरीन शिपायांनी तिथल्या बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. जुलै १९१५ मध्ये फौजच उतरली. १९ वर्षं हलली नाही. जुनं सैन्य मोडलं, नवं दल बनवलं. शिपाई हैतीचे, अधिकारी मरीन. स्वतःच्या फौजेत साधा सार्जंट, इथं साहेब. पगार दोन्हीकडचा.

या दलाचं मोठं काम काय? वेठ! १८६४ चा मेलेला कायदा उकरून काढला, शेतकऱ्यांना दोरानं बांधून रस्त्याच्या कामाला जुंपलं. वेठ म्हणजे काय, हे आपल्याला कोशात बघावं लागत नाही. हुकूम गोऱ्याचा, दोर बांधणारा हात मात्र काळा. साम्राज्यवादाची सगळी अक्कल या एका गोष्टीत आहे.

शार्लमेन पेराल्तला शिक्षा म्हणून रस्ते झाडायला लावलं. तो पळाला, डोंगरात गेला, हजारोंना घेऊन लढला. १९१९ मध्ये मरीन तोंडाला काळं फासून त्याच्या छावणीत घुसले. सोबत याच दलाचे हैतीयन शिपाई. त्याला गोळ्या घातल्या, मढं फळीला बांधून फोटो काढला आणि लोकांत वाटला. बघा, तुमचा पुढारी! या दलाचा पहिला प्रमुख स्मेडली बटलर. त्यानंच १९३५ मध्ये लिहून ठेवलं, की आपण भांडवलदारांसाठी गुंडगिरी केली.

१९३४ मध्ये मरीन गेले. दल राहिलं. १९३७ मध्ये शेजारच्या डॉमिनिकन देशात त्रुहियोनं हजारो हैतीयन कापून काढले. हा त्रुहियोही मरीननीच घडवलेल्या तिथल्या दलातून वर आलेला. तेव्हा हैतीची बंदूक गप्प. आपलीच सरकारं पाडायला मात्र ती उठली. १९४६, १९५०, १९९१.

१९९५ मध्ये आरिस्तीदनं सैन्य मोडीत काढलं. नवं पोलीस दल आलं. शिकवणारे पुन्हा अमेरिका, कॅनडा, फ्रान्स. टोळ्यांचा म्होरक्या झालेला जिमी शेरिझिए याच दलातला माजी पोलीस. जून २०२४ मध्ये टोळ्या आवरायला केनियाचे पोलीस उतरले. पैसा बहुतेक अमेरिकेचा.

कुणी म्हणेल, टोळ्या माणसं मारतायत, मग मदत नको का? नको कोण म्हणतं? वस्तीत पोरीबाळींना घेऊन लपणाऱ्या बाईला आज रात्री संरक्षण पायजे. पण मित्रांनो, शंभर वर्षांचा हिशेब समोर आहे. पगार कोण देतो, हुकूम कोण सोडतो आणि शिपाई चुकला तर जाब कोण विचारतो? या तिन्हीवर त्या बाईचा हक्क नसेल, तर कितीही ट्रेनिंग द्या, गणवेश बदला, नाव बदला. बंदूक फिरून तिच्याच दाराकडं वळणार.