पाचारण आणि पगारपत्रक

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. दुकाने, दवाखाने आणि वाहनांच्या गर्दीत या नावामागचा इतिहास आठवण्यास कुणाला सवड नसते. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ साली नाशकात पाय रोवले. पुढे शतकाच्या मध्यास रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी शहराबाहेर ख्रिस्ती वसाहत उभारली, तेच हे शरणपूर. येथे केवळ धर्मांतरितांची घरे नव्हती. येथे प्रचारक घडवले जात होते. म्हणूनच ख्रिस्ती शिष्यत्वाची परीक्षा करावयाची तर ती शरणपुरापासून करणे उचित ठरेल.

या शिष्यत्वाचे मूळ चित्र उदात्त आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. गालील सरोवराच्या काठी येशूने कोळ्यांना हाक मारली आणि ते जाळी टाकून त्याच्या मागे गेले. पुढे त्याने बारा जणांना दोघादोघांच्या जोडीने गावोगाव धाडले, ते झोळी, भाकरी वा कनवटीला पैसा न घेता. मराठी माणसाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. याच नाशिकजवळ टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केल्याचे परंपरा सांगते. पुढे त्यांनी शिष्य घडवले, मठ स्थापिले, महंतांना प्रांतोप्रांती पाठवले. त्या शिष्याच्या हाती भिक्षेची झोळी होती. ज्या समाजाला उपदेश करावयाचा त्याच समाजाच्या दारी भाकरी मागावयाची, हा त्यातला दंडक होता. समाजाने भाकरी नाकारली तर उपदेशकाला आपले काय चुकले ते कळत असे.

मग प्रश्न असा की, झोळीही न घेता निघालेल्या शिष्यांचा वारसा सांगणाऱ्या मिशनने हा दंडक का पाळला नाही? प्रचारकाचे वेतन साता समुद्रापलीकडून येणार, त्याचे राहते घर मिशनच्या आवारात असणार, त्याच्या बदलीचा आणि बढतीचा निर्णय परक्या समितीच्या बैठकीत होणार. असा मनुष्य गुरूचा शिष्य की संस्थेचा नोकर?

शरणपूरचाच इतिहास याचे उत्तर देतो. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना १८६० च्या सुमारास येथे आणले गेले. त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि बायबल शिकवले गेले. ही मुले कर्तबगार निघाली. १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनारी आणणाऱ्यांत नाशिकच्या शाळेतील तरुण होते. त्यांपैकी जेकब वेनराइट त्या देहासोबत इंग्लंडपर्यंत गेला. त्या निष्ठेला कोणीही नमस्कारच करील.

परंतु निष्ठेच्या बदल्यात अधिकार किती मिळाला? विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे नाशकात शिकलेले दोघे १८६४ च्या सुमारास मोंबासाच्या मुलखात प्रचारकार्यास गेले. १८७५ साली त्याच किनाऱ्यावर फ्रियर टाउन ही वसाहत उभी राहिली, ती नाशिकहून गेलेल्या अशा मनुष्यबळाच्या जोरावर. तरीही या दोघांना डीकन, म्हणजे धर्मसेवेची पहिली पायरी, मिळाली ती १८८५ साली. वीस वर्षे लोकांची भाषा, ऊन आणि रोगराई सोसणारा शिष्य पायरीशी उभा, आणि नुकताच जहाजातून उतरलेला गोरा पाद्री वरच्या आसनावर! बंधुभावाचे प्रवचन एकीकडे आणि आसनांची मांडणी दुसरीकडे, असा हा प्रकार होता.

हा आक्षेप केवळ हिंदूंचा नाही. नाशिकशी ज्यांचे बालपणापासून नाते होते त्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते अभिमानाने सांगत. अहमदनगरला त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले, भावी उपदेशकांना शिकवले. शिक्षणाचे ते यंत्र त्यांनी आतून पाहिले होते. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोहोंना त्यात स्थान होते. मिशनच्या आवाराबाहेर पडल्याखेरीज या देशात खरे शिष्यत्व शक्य नाही, असाच त्या कृतीचा अर्थ होतो. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते निवर्तले. मिशनने त्यांची भजने ठेवून घेतली. त्यांनी घालून दिलेला दंडक मात्र स्वीकारला नाही.

आपला धर्म शांततेने सांगण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सर्वांना दिला आहे. नाशिकचा ख्रिस्ती माणूस येथलाच आहे, परका नाही. त्याच्या श्रद्धेशी कुणाचे भांडण असू नये. आक्षेप आहे तो परद्रव्यावर पोसलेल्या आणि माणसांची मोजदाद करणाऱ्या यंत्रणेवर.

पण एवढे म्हणून हिंदू समाजाला हात झटकता येणार नाहीत. कॅथलिक पंथात धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचे किमान सहा वर्षे अध्ययन करावे लागते. आपल्याकडे किती सुखवस्तू कुटुंबे एका मुलाची सहा वर्षे तरी समाजासाठी काढून ठेवतात? पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर पावसाळ्यात मुक्काम करावयास शहरातील किती सुशिक्षित तयार होतात? टाकळीची परंपरा अभिमानाने सांगावयाची आणि झोळी मात्र खुंटीला टांगून ठेवावयाची, हा दांभिकपणा नव्हे काय?

आणि त्याहून बोचरी आठवण पंचवटीतलीच आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो हिंदू काळाराम मंदिराच्या दाराशी आले. ते रामाच्या दर्शनाचा हक्क मागत होते. दार उघडले नाही. हा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही सवर्णांचे मन द्रवले नाही आणि १९३५ साली, याच जिल्ह्यातील येवल्यात, बाबासाहेबांना धर्म सोडण्याची घोषणा करावी लागली. ते दार बंद ठेवण्यास कोणत्याही मिशनने पैसा पुरवला नव्हता. घरचाच माणूस उंबऱ्याबाहेर उभा ठेवावयाचा आणि शेजाऱ्याने त्याला आत बोलावले की आरडाओरडा करावयाचा, याला धर्मरक्षण म्हणत नाहीत.

मिशनच्या पगारपत्रकावर टीका अवश्य व्हावी. परंतु ती करण्याचा नैतिक अधिकार त्यालाच, जो स्वतः पगाराची अपेक्षा न ठेवता पाड्यावर गेला आहे आणि ज्याच्या घराचे दार उघडे आहे. शरणपूर रस्त्यावरून जाताना प्रत्येकाने एवढेच स्वतःला विचारावे: हाक आपल्यालाही आली होती, आपण जाळी टाकून उठलो का?