वेगाला वेसण

वेग म्हटला की आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाचे डोळे चमकतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली तेव्हा इकडे सुतक पडल्यासारखे चेहरे झाले होते. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि घाटाघाटांतून पुन्हा ‘भिर्रर्र’ ऐकू येऊ लागलं. पण एक गोष्ट नीट पाहून ठेवा. घाटात काही सेकंद जीव तोडून पळणाऱ्या त्या बैलांना कोणी कांद्याच्या गोण्या लादून मंचरच्या बाजाराला पळवत नाही. घाटात वेग, एरवी चाल. हे ज्याला कळतं त्याला आमच्याकडे शेतकरी म्हणतात. ज्याला कळत नाही तो लॅपटॉप विकतो.

माझ्या भाच्याने परवा नवा लॅपटॉप दाखवला. “मामा, चार पॉइंट सात गिगाहर्ट्झ!”

“अरे, पण त्यावर करणार काय?”

“पीकविम्याचे अर्ज भरणार, पतपेढीच्या सभेचा वृत्तांत टाइप करणार.”

आता मला सांगा, आमच्या पतपेढीच्या सभेत चार पॉइंट सात वेगाने घडतं काय? अध्यक्षांना ‘प्रास्ताविक’ संपवायलाच पाऊण तास लागतो!

प्रश्न हौसेचा असता तर मी गप्प बसलो असतो. पण अर्जाची शेवटची तारीख, संध्याकाळची वेळ, वीज गेलेली, बॅटरीत बावीस टक्के आणि दारात सातबारा घेऊन उभे असलेले सहा जण, असा योग आला की गिगाहर्ट्झची आरती ओवाळून भागत नाही. तिथे एकेक मिनिट मोलाचं. सहाव्या माणसाचा अर्ज राहिला तर त्याचं वर्ष बुडालं.

बॅटरी म्हणजे धरण. आमच्या आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. साठ्याची किंमत काय असते हे आम्हाला पुण्याच्या दुकानदाराने शिकवायला नको. डिंभ्याचं असो की माणिकडोहाचं, कालव्याला आवर्तन सुटतं ते साठा पाहून. सगळे दरवाजे सताड उघडून ‘बघा आमच्या कालव्याचा वेग’ असं कोणी म्हणत नाही. पन्नास वॅट-तासांची बॅटरी पंचवीस वॅटने प्यायली तर दोन तास पुरते, दहा वॅटने प्यायली तर पाच तास. हे गणित चौथीचं आहे.

भाचा हुशार. म्हणाला, “मामा, प्रोसेसरने काम झटपट उरकून झोप काढली तर वीज उलट वाचते.” यात तथ्य आहे. प्रोसेसर फारच रखडवला तर तेवढा वेळ पडदा आणि बाकीचं यंत्र जागंच राहतं. म्हणून मी रखडा म्हणत नाही; शेवटचा चाबूक ओढू नका म्हणतो. वरच्या वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज जळते ती वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशेबाने. दोन्ही ८० टक्क्यांवर आणा: राबणाऱ्या प्रोसेसरचा वीजखर्च जवळजवळ निम्मा होतो, काम सव्वापट वेळ घेतं, आणि त्या कामाला लागणारी त्याची वीज एक तृतीयांशाहून अधिक वाचते. एवढी सूट तर मंचरच्या बाजारातही मिळत नाही.

हे काही माझं संशोधन नव्हे. इंटेलने २००० सालीच ‘स्पीडस्टेप’ नावाची सोय काढली. ६५० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री वायर काढली की आपणहून ५०० वर यायचा. म्हणजे बैल घडवणाऱ्याने वेसणही घडवली होती. आज ती कुठे आहे? पुष्कळ विंडोज यंत्रांत कंट्रोल पॅनल, मग पॉवर ऑप्शन्स, मग ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’, अशी चार उंबऱ्यांआड. तिथे ‘ऑन बॅटरी’समोर १०० चे ९९ करा, बहुतेक वेळा टर्बो नावाचं उधाण थांबतं. एका टक्क्याची गोष्ट! पण वेग दुकानाच्या दर्शनी फळीवर आणि वेसण माळ्यावर, असा हा व्यापार.

रात्रीच्या विजेवर, बिबट्याच्या वाटेत उभं राहून ज्यांनी वर्षानुवर्षं उसाला पाणी दिलं, त्यांच्या पोरांना विजेचा थेंबन्‌थेंब कळतो. त्यांना उधळपट्टी ‘परफॉर्मन्स’ म्हणून विकू नका. खोक्यावर गिगाहर्ट्झ खुशाल छापा. पण शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत हेही छापा की हा बैल साध्या चालीने किती तास चालतो. आम्ही चाल पाहून बैल घेणारी माणसं. शिंगांचा रंग पाहून नव्हे.