विश्लेषण : दहा डॉलरपैकी इमारतीपर्यंत किती पोहोचतात?

अमेरिकेत शेअर बाजारात नोंदणी नसलेले ‘रीट’ म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक ट्रस्ट थेट सर्वसामान्यांना शेअर विकतात. दहा डॉलरचा शेअर घेतला, तरी दहाही डॉलर इमारतींमध्ये गुंतत नाहीत. दलालांचे कमिशन, वकील आणि लेखापरीक्षकांची फी, नोंदणी शुल्क, माहितीपत्रकाची छपाई हा खर्च आधी वजा होतो.

मर्यादा किती?

दलाली संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘फिन्रा’च्या नियमानुसार स्थापना आणि विक्रीचा एकूण खर्च उभारलेल्या रकमेच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नये. त्यातही दलालांचा मोबदला १० टक्क्यांपर्यंतच. राज्यांच्या रोखे नियामकांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही १५ टक्क्यांचीच मर्यादा आहे. त्यावरचा खर्च सहसा रीट चालवणारी सल्लागार कंपनी सोसते.

गुंतवणूकदाराला काय फरक पडतो?

पूर्ण १५ टक्के खर्च झाले, तर दहा डॉलरपैकी साडेआठच कामाला लागतात. मूळ रक्कम भरून निघण्यासाठीच मालमत्तेचे मूल्य सुमारे १७.६ टक्क्यांनी वाढावे लागते. शिवाय बाजारात नोंदणी नसल्याने हे शेअर हवे तेव्हा विकताही येत नाहीत.

ही घट पूर्वी लक्षातही येत नसे. विक्री सुरू असताना खाते उताऱ्यावर दहा डॉलर हीच किंमत छापता येत होती. ११ एप्रिल २०१६ पासून नियम बदलला आणि खर्च वजा जाता उरणारे किंवा मूल्यांकनावर आधारित मूल्य दाखवणे भाग पडले. त्यानंतर अनेक रीटनी सुरुवातीचे कमिशन कमी करून त्याचा काही भाग दरवर्षी थोडा थोडा घेण्याची पद्धत आणली. दलालांना मिळणारे हे वार्षिक शुल्कही १० टक्क्यांच्या मर्यादेत मोजले जाते.

मग सगळे खर्च आटोक्यात आले का?

नाही. इमारत खरेदी करताना घेतले जाणारे शुल्क आणि व्यवस्थापन फी या १५ टक्क्यांत येत नाहीत. म्हणजे मर्यादा पाळूनही रीट महागडा असू शकतो.

भारतात काय स्थिती आहे?

‘सेबी’च्या २०१४ च्या नियमांनुसार भारतातील रीटना शेअर बाजारात नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे युनिटचा बाजारभाव रोज दिसतो. मात्र नव्या विक्रीत खर्च असतोच. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी परताव्याच्या आकड्यांबरोबरच प्रस्ताव दस्तऐवजातील खर्चाचा तक्ताही वाचायला हवा.