ठगाची चाळणी

ई-मेलने येणाऱ्या फसव्या पत्रांना आम्ही हसतो आणि हसून मोकळे होतो. मयत सरदार स्वतःच आपले मृत्युपत्र धाडतो, न काढलेल्या तिकिटाला सोडत लागते. मराठी तर अशी की यंत्रालाही लाज वाटावी! परंतु कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने 2012 साली मांडलेला मुद्दा आमच्या शहाणपणास झोंबणारा आहे. हा भोंगळपणा ठगाच्या सोयीचाच असतो. हसणारे आपोआप गळतात; उरतो तो भाबडा, आणि श्रम खर्चावयाचे ते त्याच्यावरच. 1830 च्या दशकात स्लीमनसाहेबांनी ठगांचा पिच्छा पुरविला तो याच जबलपुरातून. आज मझौलीच्या कचेरीत तसले पत्र आम्ही टाळ्या देत वाचतो, तेव्हा पेन्शनीला टेकलेले बडे बाबू गप्प का, हे विचारण्याची फुरसत आम्हां रसिकांना नसते.